टॅलिनला जायचं, पण उतरायचं कुठे?

मंडळाच्या बहुतेक घरांतून पॅरिस, ॲमस्टरडॅम, रोम पाहून झालेलं आहे. बँक हॉलिडेला जोडून एखाद-दुसरी रजा मिळाली की "ह्या वेळी जरा वेगळं कुठेतरी जाऊ या" असा सूर निघतो, आणि मग बाल्टिक समुद्राच्या बाजूच्या तीन राजधान्यांची, म्हणजे टॅलिन, रिगा आणि व्हिल्निअस ह्यांची, नावं पुढे येतात. आम्ही मंडळातली तीन कुटुंबं मिळून त्यांतल्या टॅलिनला, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीला, चार दिवस जाऊन आलो. एकूण अकरा माणसं. सर्वांत लहान सहा वर्षांची, आणि सर्वांत मोठ्या आजी शहात्तर वर्षांच्या, भारतातून सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या आणि दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या.

परत आल्यापासून "हॉटेल कुठलं घेतलंत हो?" असं अनेकांनी विचारलं. त्याला एका नावानं उत्तर देऊन भागत नाही, कारण आम्हाला सोयीचं झालं ते तुम्हाला होईलच असं नाही. म्हणून हॉटेल कसं निवडलं तेच इथे सविस्तर लिहीत आहोत.

आमच्यापुढे मुख्य प्रश्न एकच होता. आई-वडील इकडे आले की आपण त्यांना हौसेनं फिरायला नेतो, आणि दुसऱ्याच दिवशी ते म्हणतात, "तुम्ही या फिरून, मी बसते खोलीत." हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नाही? पुष्कळदा त्याचं कारण थकवा नसून हॉटेल असतं. तीन जिने उतरा, दगडी चढ चढा, आणि दमलं तर परत यायला गाडी नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा व्हिसा काढून इतक्या लांब येणं जमेलच असं नाही. म्हणून आम्ही ठरवलं की फोटो आणि तारे नंतर पाहायचे, आधी आपल्यातल्या सर्वांत थकलेल्या पायांचा विचार करायचा.

बालेकिल्ला आणि पेठ

टॅलिनची ठेवण आपल्याला पटकन कळते, कारण ती आपल्याकडच्या गडासारखीच आहे. वर टेकडीवर तोम्पेआ, म्हणजे बालेकिल्ला म्हणा ना. तिथे पूर्वी राज्यकर्ते आणि सरदार राहत. आज तिथे एस्टोनियाची संसद भरते. खाली व्यापाऱ्यांची पेठ, तिच्या मधोमध टाऊन हॉलचा चौक, आणि भोवती तटबंदी. तिची सुमारे दोन किलोमीटर लांबीची भिंत आणि वीसहून अधिक बुरूज आजही उभे आहेत. टाऊन हॉलची इमारत १४०४ साली पूर्ण झाली. त्याच चौकातल्या औषधाच्या दुकानाचा उल्लेख १४२२ सालच्या कागदपत्रांत सापडतो, आणि ते दुकान अजून चालू आहे! १९९७ साली युनेस्कोनं ह्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

बालेकिल्ल्यावर जायला पेठेतून दोन जुन्या वाटा आहेत. एकीचं नाव 'पिक्क याल्ग' म्हणजे लांब पाय, दुसरीचं 'ल्युहिके याल्ग' म्हणजे आखूड पाय. लांब पाय म्हणजे उतरता रस्ता. आखूड पाय म्हणजे चढ आणि पायऱ्या. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

जुनं शहर तसं लहानच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धडधाकट माणूस पंधरा-वीस मिनिटांत चालत जातो. त्यामुळे 'मध्यवर्ती' ह्या शब्दाला इथे फारसा अर्थ नाही. अगदी चौकात उतरा नाहीतर वेशीबाहेर उतरा, फरक पाच-सात मिनिटांचाच. खरा प्रश्न एवढाच की भिंतीच्या आत राहायचं की बाहेर?

भिंतीच्या आत

आतली हॉटेलं दिसायला मोठी सुरेख. मध्ययुगातल्या व्यापाऱ्यांच्या घरांतच त्यांतली बरीचशी थाटलेली आहेत. ही घरं रस्त्याच्या बाजूला अरुंद आणि आत खोलवर गेलेली, साधारण आपल्या जुन्या पेठांतल्या घरांसारखी. फरक असा की खाली मोठं दालन, त्याच्या मागे राहायची जागा, आणि वरचे मजले धान्य आणि मीठ साठवायची कोठारं. पोती वर चढवायला छपराखालून तुळई बाहेर काढलेली असे. काही घरांवर ती अजून दिसते.

ही रचना एकदा समजली की हॉटेलच्या खोल्या अशा का, ते आपोआप कळतं. वरच्या खोल्या मुळात माणसांसाठी नव्हत्याच, पोत्यांसाठी होत्या! म्हणून छत उतरतं, खिडकी लहान आणि जिना अरुंद. इमारती संरक्षित असल्यामुळे हव्या तिथे भिंत फोडून लिफ्ट बसवता येत नाही. जिथे लिफ्ट आहे तिथेही ती कधी अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हा अनुभव आला. 'लिफ्ट आहे' एवढंच वाचून त्यांनी खोल्या घेतल्या होत्या, आणि लिफ्टच्या दारापर्यंत पोचायला नऊ पायऱ्या निघाल्या. सामान तर वर गेलं, पण आजोबा चार दिवस त्या नऊ पायऱ्या मोजत राहिले.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आतले बहुतेक रस्ते दगडी गोट्यांचे आहेत. चित्रात फार छान दिसतात, पण चाकाची बॅग, बाबागाडी आणि काठी ह्या तिघांचेही ते वैरी. पुष्कळ गल्ल्यांत गाड्यांना मज्जाव असल्यामुळे टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही. हिवाळ्यात ह्याच दगडांवर बर्फ साचून गुळगुळीत होतं, हेही ध्यानात ठेवावं.

तिसरी गोष्ट आवाजाची. टॅलिनला लग्नाआधीची 'स्टॅग' पार्टी करायला येणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्यांतले पुष्कळजण आपल्या ब्रिटनमधूनच येतात. शुक्रवार-शनिवारी जुन्या शहरातल्या बारच्या वरची खोली मिळाली तर झोपेला रामराम! खोली घेताना ती रस्त्याकडची आहे की मागच्या अंगणाकडची, हे जरूर विचारावं.

एवढं सगळं असलं तरी जोडप्यानं दोघांनीच जायचं असेल, सामान पाठीवरच्या पिशवीत मावणार असेल, तर मात्र भिंतीच्या आतच राहा. सकाळी सात वाजता पर्यटक बाहेर पडायच्या आत त्या रिकाम्या गल्ल्यांतून चालायची मजा बाहेर राहणाऱ्याला सहसा मिळत नाही.

भिंतीच्या बाहेर

पूर्वेकडे विरू वेस आहे. तिचे दोन गोल बुरूज तुम्ही टॅलिनच्या चित्रांत पाहिले असतील. ह्या वेशीच्या बाहेर पाऊल टाकलं की सपाट फुटपाथ, ट्राम, दुकानं आणि मोठी हॉटेलं लागतात. इथलं सर्वांत प्रसिद्ध हॉटेल म्हणजे विरू, आणि त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत राजवटीखाली होता. १९६५ साली फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि टॅलिन ह्यांच्यामध्ये बोटींची नियमित ये-जा पुन्हा सुरू झाली आणि परदेशी पाहुणे येऊ लागले. त्यांच्यासाठी फिनलंडच्याच बांधकाम कंपनीकडून हे उंच हॉटेल बांधून घेतलं, आणि ते १९७२ साली उघडलं. लिफ्टमध्ये बावीस मजल्यांपर्यंतचीच बटणं होती. तेविसाव्या मजल्यावर के.जी.बी. बसलेली असे! पाहुण्यांच्या काही खोल्यांत ऐकण्याची यंत्रं दडवलेली होती. १९९१ साली देश स्वतंत्र झाला, त्याच्या आधीच ही मंडळी सामान टाकून निघून गेली. २०११ पासून तिथे संग्रहालय आहे आणि मार्गदर्शकाबरोबर ते पाहता येतं. आमच्यातली बारा-चौदा वर्षांची मुलं देवळं-चर्चं पाहून कंटाळली होती, ती ह्या एका मजल्यावर तासभर खिळून राहिली. त्या हॉटेलात उतरलंच पाहिजे असं नाही, पण हे मात्र पाहाच.

विरूपासून बंदराकडे जाताना रोटरमान नावाचा भाग लागतो. जुन्या गिरण्या आणि कारखान्यांच्या इमारती नीट करून तिथे आता दुकानं, उपाहारगृहं आणि राहायच्या जागा केल्या आहेत. आमचा मुक्काम ह्याच पट्ट्यात होता. स्वयंपाकघर असलेल्या तीन जागा एकाच मजल्यावर मिळाल्या, लिफ्ट थेट रस्त्याच्या पातळीपासून होती, आणि विरू वेस सावकाश चालीनं सात मिनिटांवर होती.

पश्चिमेला रेल्वे स्टेशनापलीकडे कालामाया हा जुन्या लाकडी घरांचा भाग आहे, आणि त्याला लागून तेल्लिस्किवी हे पूर्वीच्या कारखान्यांचं आवार. तरुण मंडळींना ही बाजू आवडेल. स्टेशनाजवळचा बाजार २०१७ साली नव्यानं बांधला. भाजी, लोणची, ताजा पाव सगळं मिळतं. लहान मुलं बरोबर असतील तर समुद्राकाठचं लेन्नुसादाम हे संग्रहालय ह्याच बाजूला आहे. समुद्री विमानांच्या जुन्या शेडमध्ये खरीखुरी पाणबुडी ठेवलेली आहे आणि तिच्या आत शिरता येतं.

शांतता हवी असेल तर पूर्वेचं काद्रिओर्ग. रशियाच्या पीटर द ग्रेटनं १७१८ साली पत्नी कॅथरीनसाठी बांधायला घेतलेला राजवाडा आणि त्याभोवतीची बाग इथे आहे. तिथून जुन्या शहरात यायला ट्राम आहे.

पोटोबा

आता आपला जिव्हाळ्याचा विषय! हॉटेलच्या न्याहारीत ओट्सची खीर, राईचा काळा पाव, चीज, काकडी-टोमॅटो, उकडलेली अंडी आणि खारवलेले मासे असतात. शाकाहाऱ्यांची सकाळ निभावते, संध्याकाळची मात्र काळजी करावी लागते. म्हणून कुटुंबानं जायचं असेल तर शेगडी आणि फ्रीज असलेली जागाच बघावी. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी बॅगेत असली की आजींचं आणि नातवंडांचं दोघांचंही भागतं.

मात्र एक लक्षात ठेवा. २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच. आणि फोडणी करताना खिडकी उघडी ठेवा. त्या लहानशा जागेत धुराची घंटा दाराजवळच असते आणि तिला हिंगाची सवय नसते!

दुकानात आपल्याला ओळखीचं असं पुष्कळ सापडतं. 'कामा' नावाचं पीठ मिळतं: सातू, राई, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं. ते ताकासारख्या आंबट दुधात कालवून खातात. आजींनी एक चमचा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं सातूचं पीठ!" दुसरा पदार्थ 'कोहुके'. दाबलेल्या गोड चक्क्याची कांडी, वर चॉकलेटचा थर. मुलांनी त्याला 'चॉकलेटचं श्रीखंड' असं नाव ठेवून टाकलं.

पाकिटं वाचायला थोडे शब्द पाठ करा, आणि ते मराठी माणसाला पाठ करायला फारच सोपे आहेत. 'लिहा' म्हणजे मांस, 'काना' म्हणजे कोंबडी, 'काला' म्हणजे मासा, 'मुना' म्हणजे अंडं. तेव्हा शाकाहाऱ्यांनी 'लिहा' दिसलं की पुढे वाचू नये, आणि टॅलिनमधल्या काल्याचा गोपाळकाल्याशी काही संबंध नाही हे विसरू नये! कालामाया ह्या नावाचाही अर्थ 'माशांचं घर' असाच आहे. आणि दुकानात 'हिंद' असं लिहिलेलं पाहून ऊर भरून येऊ देऊ नका. एस्टोनियन भाषेत 'हिंद' म्हणजे किंमत.

केव्हा जावं

टॅलिन बरंच उत्तरेला असल्यामुळे ऋतूप्रमाणे हॉटेलकडून आपल्या अपेक्षा बदलतात. जूनच्या शेवटी पहाटे चारच्या सुमाराला उजाडतं आणि सूर्य मावळतो रात्री साडेदहानंतर. जाड पडदे नसले तर मुलं चारलाच उठून बसतात. डिसेंबरात उलट, दिवस जेमतेम सहा तासांचा, साडेतीनला अंधार. तेव्हा चौकात नाताळचा बाजार भरतो, देखावा अप्रतिम असतो, पण आजी-आजोबांना तासाभरानं ऊब लागते. अशा वेळी हॉटेल जवळ असण्याला खरी किंमत येते.

उन्हाळ्यात मोठ्या प्रवासी बोटींचे पाहुणे दिवसा गर्दी करतात, आणि हेलसिंकी बोटीनं दोनच तासांवर असल्यामुळे फिनिश मंडळी शनिवार-रविवारला येतात. म्हणून रविवार ते बुधवार असा मुक्काम शांतही असतो आणि बहुधा स्वस्तही. दर पाच वर्षांनी इथे गाण्याचा मोठा राष्ट्रीय महोत्सव भरतो, मागचा जुलै २०२५ मध्ये झाला. त्या दिवसांत खोल्या फार आधी भरतात.

पैसे आणि कागदपत्रं

चलन युरो. १ जानेवारी २०२५ पासून एस्टोनियात हॉटेलच्या मुक्कामावरचा कर नऊ टक्क्यांवरून तेरा टक्के झाला आहे, म्हणून जुन्या दरांवर विसंबू नका.

ब्रिटिश पासपोर्ट असेल तर थोड्या दिवसांच्या सहलीला व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा हवा, आणि त्या अर्जाबरोबर राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. म्हणूनच पैसे न कापता रद्द करता येईल असंच बुकिंग करावं. दोन पैसे जास्त पडले तरी चालतील. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांचा अर्ज इथून स्वीकारतीलच असं नाही. अर्ज साधारणपणे आपण जिथे राहतो त्या देशातूनच करायचा असतो. आमच्या आजींचा शेंगेन व्हिसा त्या निघण्यापूर्वीच भारतात काढला होता, म्हणून ही सहल जमली. तुमच्याकडे पुढच्या उन्हाळ्यात कोणी येणार असेल तर हे काम आत्ताच ठरवा.

घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास पुढे आहे. लंडनहून थेट विमानाला सुमारे तीन तास लागतात, म्हणजे संध्याकाळी निघालात तर पोचेपर्यंत मध्यरात्र होते. विमानतळ शहरापासून चारेक किलोमीटरच आहे, पण हॉटेलच्या दाराशी कोणी नसेल तर जवळ असून काय उपयोग?

बुकिंगआधी विचारायचे प्रश्न

आम्ही हे प्रश्न इंग्रजीत लिहून चार ठिकाणी पाठवले. ज्यांनी नीट उत्तरं दिली त्यांच्यातूनच निवड केली.

१. लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे का? रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती?
२. टॅक्सी दारापर्यंत येते का? नसेल तर किती चालावं लागतं?
३. खोली रस्त्याकडची की मागची? खाली बार आहे का?
४. न्हाणीघरात उभं राहायचा शॉवर आहे की कडा ओलांडून टबात उतरावं लागतं?
५. रात्री बारानंतर माणूस असतो का, की पेटीतून चावी घ्यायची?
६. शेगडी, फ्रीज, किटली आहे का? भांडी किती माणसांची?
७. मुलांची जादा खाट मिळेल का, आणि तिचे पैसे वेगळे का?
८. कुठल्या तारखेपर्यंत फुकट रद्द करता येईल?

चौथा प्रश्न किरकोळ वाटेल, पण वयस्कर माणसाला पायऱ्यांइतकाच टबाचा काठ घात करतो.

शेवटी एवढंच

आजी चारही दिवस आमच्याबरोबर बाहेर पडल्या. तोम्पेआवर आम्ही त्यांना टॅक्सीनं मागच्या बाजूनं थेट वर नेलं. तिथून लाल छपरांचं अख्खं शहर आणि पलीकडचा समुद्र पाहून झाल्यावर 'लांब पाया'च्या उतारानं सावकाश, दोनदा थांबून, चौकात आलो. चढण टॅक्सीनं आणि उतार पायांनी, हा नियम बाकीच्या दिवसांतही पाळला. दुपारी दोन तास खोलीवर येऊन पडायचं आणि संध्याकाळी पुन्हा निघायचं, हे केवळ जागा सपाटीवर आणि जवळ होती म्हणून शक्य झालं. मुलांना तेवढ्या वेळात कोहुके मिळत असल्यामुळे त्यांचीही तक्रार नव्हती.

रिगा किंवा व्हिल्निअसला जाणाऱ्यांनाही हेच प्रश्न उपयोगी पडतील, कारण जुनी शहरं तिथेही आहेत आणि गुडघे सगळीकडे सारखेच! तिथे कोणी जाऊन आलं असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. (हे 'लिहा' मराठीतलं, बरं का!)

आपला प्रवास सुखाचा होवो.